ज्येष्ठ महाडात, तरुण पोलादपुरात

माणूस म्हातारा कधी होतो याविषयी आयकर खातं, एसटी आणि माझी बायको यांचं आजवर एकमत झालेलं नाही. महाडात मात्र असले प्रश्न फार काळ लोंबकळत ठेवत नाहीत. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणजे चहाची वेळ टळलेली आणि जेवणाची झालेली नाही अशा मोक्याला, दोन सभ्य गृहस्थ तुमचा जिना चढून येतात. एकाच्या काखेत फाइल असते, दुसऱ्याला धाप लागलेली असते. फाइलवाले सचिव, धापवाले खजिनदार. ते दारात दिसले की समजायचं, आळीनं निकाल दिला.

आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, विरेश्वराच्या छबिन्याची वर्गणी असेल. मी खिशाकडे हात नेला. "राहू द्या, आधी हे वाचा," म्हणत सचिवांनी लिफाफा पुढे केला. त्यावर माझं नाव छान टाइप केलेलं होतं आणि नावाच्या आधी, जिथे एरवी नुसतं 'श्री.' असतं तिथे, 'ज्ये. ना. श्री.' असं होतं. बायकोनं खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि 'ज्येष्ठ नागरिक' असा उलगडा केला. मोठ्यानं केला. आमच्या चाळवजा इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

आत ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र होतं. 'आपण जीवनाच्या सुवर्णसंध्येत पदार्पण केल्याबद्दल संघ आपले हार्दिक अभिनंदन करीत आहे.' आजवर माझं अभिनंदन मी काही केल्याबद्दल व्हायचं. काहीही न करता नुसतं टिकून राहिल्याबद्दल झालेलं हे पहिलंच.

"भाऊसाहेब, अहो मी पंचावन्नचा आहे," मी म्हणालो. सचिव तलाठी म्हणून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं.

त्यांनी फाइल उघडली, बोट फिरवलं. "आमच्या पाहणीत एकसष्ट आहे."

"कुणी सांगितलं?"

"खालच्या मजल्यावर विचारलं. त्यांनी अंदाजानं सांगितलं."

"अहो, पण मी स्वतः सांगतोय ना, पंचावन्न!"

"नोंद एकसष्टची आहे," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या. तोवर हा अर्ज भरून ठेवा."

ज्या माणसानं पस्तीस वर्षं फेरफार नोंदवले, त्याच्यापुढे जिवंत पुरावा उभा करून उपयोग नसतो. त्याला कागद लागतो.

आणि कागदाची गोष्ट निघालीच, तर माझा कागदही तितकासा निर्मळ नाही. माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांची जन्मतारीख १ जून होती. डोंगरातल्या शाळेत बाप पोराला बखोट धरून न्यायचा, गुरुजी विचारायचे, "कधीचा?" आई सांगायची, "भातं पोटरीला आली होती, आन् ह्याच्या आत्त्याचं लगीन त्याच सालातलं." पोटरीला आलेलं भात रजिस्टरात लिहायला रकाना नव्हता. गुरुजी पोराकडे एकदा पाहायचे, सहा वर्षं मागे मोजायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, तेव्हा ३१ मे ला कचेऱ्या-शाळांमधून निरोप समारंभांची अशी काही झुंबड उडते की, महाडच्या बाजारपेठेत शाल मिळते पण त्या दिवशी श्रीफळ मिळवायला ओळख लागते. थोडक्यात, मला तीन वयं आहेत. एक आईचं, एक गुरुजींचं आणि एक खालच्या मजल्यावरचं. पहिलं सगळ्यांत कमी आहे, पण त्याला साक्षीदार उरलेला नाही.

अर्ज मात्र मन लावून वाचण्यासारखा होता. नाव, पत्ता, रक्तगट, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचा मोबाइल क्रमांक. त्याखाली आजारांची यादी आणि पुढे चौकोन: 'लागू असेल तिथे खूण करावी.' रक्तदाब, मधुमेह, गुडघे, कंबर, निद्रानाश, विस्मरण. विस्मरण असणारा माणूस तिथे खूण करायची कशी लक्षात ठेवणार, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याखाली छंद: भजन, हास्ययोग, सहल, वाचन, इतर. शेवटी वर्गणी. वार्षिक दोनशे, आजीव दोन हजार.

या आजीव वर्गणीत खरी गंमत आहे. वार्षिक भरली तर लोक म्हणणार, याला स्वतःचा भरवसा नाही. आजीव भरली तर दहा वर्षं जगल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत, आणि अकराव्या वर्षापासून तुम्ही संघाला तोट्यात घालता. खजिनदारांनी हा हिशेब केला असावा. धाप ओसरल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही वार्षिकच भरा."

पुढच्या महिन्यात मी एका बैठकीला गेलो. गेलो म्हणजे, चवदार तळ्यावर सकाळी फिरताना भाऊसाहेबांनी गाठलं आणि नेलं. सुरुवातीला महिन्यातल्या वाढदिवसांचे सत्कार झाले, लगोलग दोन मिनिटं उभं राहून महिन्यातल्या दिवंगतांना श्रद्धांजली. क्रम उलटा ठेवला तर सत्काराला टाळ्या कमी पडतात, असा त्यांचा अनुभव आहे. मग 'इच्छापत्र कसे करावे' यावर वकिलांचं व्याख्यान, आणि शेवटी चहा, साखरेचा आणि बिनसाखरेचा अशा दोन किटल्यांत. बिनसाखरेची किटली मोठी होती.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या मंडळींना महाडात किंमत आहे, आणि ती दरवर्षी जुलैत सिद्ध होते. सावित्री आणि गांधारीचं पाणी वाढायला लागलं की, मोबाइलवरचे इशारे राहतात बाजूला आणि बाजारपेठेतले दुकानदार या म्हाताऱ्यांना विचारतात, "काका, २००५ ला आपल्या पायरीला कितवर होतं? आणि २०२१ ला?" काका भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या हाताच्या वर माल चढवला जातो. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या सगळ्या जुन्या हातांच्या वरून गेलं, तेव्हापासून काका हात ठेवताना जरा टाचा उंचावतात. हे ज्ञान पंचावन्नाव्या वर्षी येत नाही. निदान तीन मोठे पूर पाहिलेले लागतात.

संघाची वार्षिक सहल रायगडावर जाते. म्हणजे रज्जुमार्गानं जाते. पायऱ्यांनी चढायचं तर चौदाशेच्या वर पायऱ्या, आणि अर्जातल्या गुडघ्यांच्या चौकोनात खूण नसलेला सभासद मला तरी भेटलेला नाही. काहीजण तेही टाळून पाचाडलाच थांबतात, जिजाऊंच्या समाधीपाशी. त्यांचा युक्तिवाद बिनतोड असतो: उतारवयात गडावरची हवा सोसेना, म्हणून खुद्द महाराजांनी आईसाहेबांसाठी पाचाडात वाडा बांधला, मग आम्हीच वर कशाला तडफडायचं? ज्येष्ठांची सोय पायथ्याशी करावी हे धोरण १६७४ च्याही आधीचं आहे, असं भाऊसाहेब दरवर्षी बसमध्ये माइकवरून सांगतात.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. एडिसनला. महाडच्या काकरतळ्यावर विटीदांडू खेळून गेलेला, आता तिकडे संगणकात. तो पन्नाशीला आला तेव्हा त्यालाही पत्र आलं होतं. तिकडे ही मोठी प्रथा आहे. 'एएआरपी' नावाची संस्था आहे, १९५८ साली एथेल पर्सी अँड्रस नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं काढलेली. म्हाताऱ्यांना कुणी विमा देत नसे, त्यातून ती उभी राहिली. आधी तिनं १९४७ ला निवृत्त शिक्षकांची संघटना काढली, मग सगळ्याच निवृत्तांची. आज तिचे सभासद कोट्यवधी आहेत, अमेरिकेतले राजकारणी तिला दबकून असतात, आणि पन्नाशी जवळ आली की माणूस निवृत्त असो-नसो, त्याच्या टपालपेटीत तिचं आमंत्रण पडतंच. बरोबर नाव छापलेलं कार्डसुद्धा.

भावानं त्या रात्री व्हिडिओ कॉल केला होता. चेहरा पडलेला. "दादा, मी अजून मॅरेथॉन पळतो रे!"

"मग काय केलंस?"

"कचऱ्यात टाकलं."

पुढच्या महिन्यात पुन्हा आलं, तेही टाकलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याच्या बायकोनं ते कचऱ्यातून काढलं, कारण त्या कार्डावर हॉटेलात सवलत मिळते. आता तो मॅरेथॉनच्या आदल्या रात्री म्हाताऱ्याच्या दरानं खोली घेतो आणि सकाळी तरुणांच्या गटात पळतो.

माझी तक्रार ऐकून तो हसला. "टाकून दे ना कचऱ्यात!" त्याला महाड सोडून तीस वर्षं झाली हे तिथेच कळलं. अमेरिकेतलं पत्र कचऱ्यात टाकता येतं. महाडातलं पत्र सोफ्यावर बसलेलं असतं, त्याला चहा द्यावा लागतो, आणि ते तुमच्या वडिलांना ओळखत असतं.

तेव्हापासून मोबाइललाही वास लागला आहे. एक श्रवणयंत्रवाला मला रोज संदेश पाठवतो, तोही बोलून ऐकवलेला, म्हणजे ऐकू येत असेल तरच कळणारा. गुडघ्याचे पट्टे, चारधाम, सांधेदुखीची तेलं, 'पन्नाशीनंतरचा विमा'. कुणा एका कंपनीनं तर माझ्या अंत्यविधीचा खर्च आजच्या दरात गोठवून देण्याची तयारी दाखवली. भाववाढीचा विचार करता सौदा वाईट नव्हता, पण बायको नको म्हणाली.

सरकारी हिशेबात म्हातारपण हप्त्याहप्त्यानं येतं. राज्य सरकारी नोकराला बहुधा ५८ व्या वर्षी नारळ मिळतो, पण २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं तो ज्येष्ठ होतो ६० ला. मधली दोन वर्षं तो कोण असतो, याचं परिपत्रक मी शोधतो आहे. आयकरवाले आधी ६५ धरायचे, २०११ च्या अर्थसंकल्पात ६० वर उतरले. ऐंशीला त्यांच्या लेखी तुम्ही अतिज्येष्ठ होता. राज्याच्या धोरणानंही २०१८ ला ६५ चे ६० केले, पण एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला ते ६५ लाच. सत्तरीला आयुष्मानचं कार्ड. पंचाहत्तरीला एसटी फुकट, २६ ऑगस्ट २०२२ पासून. रेल्वेत पुरुषाला साठीला आणि बाईला ५८ ला सवलत होती, ती २० मार्च २०२० ला थांबली. वीर स्थानकावर उतरणारे आमचे म्हातारे तेव्हापासून पूर्ण भाडं भरून तरुणपणानं प्रवास करतात. या सगळ्यात पंचावन्नला काहीही नाही. एक रुपयाची सवलत नाही, अर्धा टक्का व्याज नाही. नुसता 'ज्ये. ना.' तेवढा फुकट.

व्याजावरून आठवलं. साठीनंतर बँका ठेवीवर साधारण अर्धा टक्का जास्त देतात. त्या बँकांची जी बँक, तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आमच्या तालुक्यातले. नाते गावी १४ जानेवारी १८९६ ला जन्मलेले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले, आणि २२ जानेवारी १९५३ ला त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. म्हणजे नुकतीच सत्तावन्न पूर्ण झालेली. ते महाडात राहत असते तर त्या आठवड्यात भाऊसाहेब लिफाफा घेऊन गेले असते आणि हातात लग्नपत्रिका घेऊन परतले असते. हे उदाहरण मी घरी उत्साहानं सांगितलं. "तुम्ही आधी गव्हर्नर व्हा," एवढंच उत्तर मिळालं.

धर्मशास्त्राचा आधार घ्यायचा तर मनूनं म्हटलंय, अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड दिसलं की गृहस्थानं वनात जावं. मनूचं मत महाडात फारसं चालत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीची इथेच होळी झालेली आहे, आणि ते योग्यच झालं. पण वनात जाण्याचा मुद्दा तेवढा सोडवत नाही, कारण आमचं वन हाकेच्या अंतरावर आहे. महाडहून पोलादपूर अठरा-वीस किलोमीटर. मूळ गाव पोलादपुरापलीकडे, कापडे बुद्रुकच्या वर डोंगरात. पावसाळ्याच्या तोंडाला घर बघायला जावंच लागतं.

या खेपेला आम्ही दोघं निघालो. एसटीत वाहक आला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बायकोला त्यानं काही विचारलं नाही. त्या निर्णयानं महाराष्ट्रातल्या समस्त स्त्रीवर्गाची वय सांगण्यातून सुटका झाली, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा कुणी बोलून दाखवत नाही. आता वाहक निरखतो ते फक्त पुरुषांचे चेहरे.

"पोलादपूर," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आधार?"

"कशाला?"

"अर्धं लागेल ना काका."

"पूर्ण द्या."

"अहो काका, आधार दाखवा फक्त. उगाच पैसे का घालवता?" माणूस खरोखर चांगला होता. मागच्या बाकावरचा तरुण म्हणाला, "मोबाइलमध्ये असलं तरी चालतं काका." पलीकडची बाई म्हणाली, "घरी राहिलं असंल. वयात होतं असं." पाच मिनिटं सगळी गाडी मला म्हातारं करायला मनापासून झटत होती. बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

मी पूर्ण तिकीट घेतलं. वाहकानं यंत्रातून ते फाडून देताना मान अशी हलवली की, जणू आजोबा हट्टाला पेटले आहेत.

पोलादपुरात गाडी बदलली, आणि डोंगराची गाडी जशी वर चढायला लागली तसं माझं वय उतरायला लागलं. हा अनुभव त्या भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा. सावित्रीच्या खोऱ्यातली आमची गावं अर्धीअधिक मुंबईत राहतात. गणपती आणि शिमगा सोडला तर वाडीत कुलपं जास्त, माणसं कमी. आणि जी माणसं आहेत ती सत्तरीच्या पुढची. त्यांच्यात पंचावन्नचा पुरुष जाऊन उभा राहिला की काय होतं?

चुलती ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, नजर शाबूत.

"आलास? बरं झालं बाबा. वाडीत पोरं कुणी नाहीत."

मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी पोरगा बरोबर आला आहे का म्हणून. नव्हता. पोर मीच.

"वान्रांनी कौलं उडवल्यात. मागच्या पडवीवरची. शिडी तितं हाय बघ."

"काकी, माझा गुडघा जरा..."

"काय झालं गुडघ्याला? पडलास?"

"नाही, असाच दुखतो."

"असाच?" तिनं विचारलं. कारणाशिवाय दुखणारा गुडघा तिच्या माहितीत नव्हता.

चढलो. मंगलोरी कौलं जून उजाडायच्या आत सारखी केली नाहीत तर पहिल्याच पावसात चुलीत पाणी. वान्रं मोठी शिस्तीची. कौल उचलतात, खाली पाली-झुरळं शोधतात, आणि उचललेलं कौल जागेवर न ठेवता शेजारच्यावर ठेवतात. मी आढ्याकडून खाली सरकत होतो आणि चुलती खालून, शिडीचा पाय धरून, सूचना देत होती. "रिपंवर पाय नको, वाशावर ठेव. वाशावर! तो वासा नवा हाय, त्यो जुना सोड. आरं, बूड खाली ठेव, उभा कशाला ऱ्हातोस माकडावानी?" तेवढ्यात शेजारच्या फणसावरून मूळ माकडं हे सगळं पाहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर व्यावसायिक कुतूहल होतं. महाडात ज्या माणसाला जिना चढताना कठडा धरा म्हणून सांगतात, तो इथे छपरावर बूड टेकून कौलं लावत होता आणि ऐंशीची बाई त्याला आधार देत होती.

उतरल्यावर चुलत्यांची चौकशी केली. थोरले चुलते नव्वदीला टेकलेत. "बरे आहेत ना?" 

"बरा हाय. जरा थकलाय आता," चुलती म्हणाली.

तिच्या लेखी थकायला नव्वदी लागते. यात आश्चर्य नाही, तालुकाच तसा आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथलंच. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर उदेभानाला गाठलं ते शेलारमामांनी, आणि परंपरा सांगते की मामा तेव्हा ऐंशीचे होते. ऐंशी म्हणजे आयकरात अतिज्येष्ठ, एसटीत फुकट, आणि कोंढाण्याच्या कड्यावर दोरानं. अशा मुलखात पंचावन्नच्या माणसानं हास्ययोगाला जातो असं सांगायला जीभ रेटत नाही.

संध्याकाळी वाडीचे चारपाच कारभारी सहाणेवर जमले आणि मला बोलावणं आलं. तिथे दुसरं पत्र माझी वाट पाहत होतं. गावच्या मुंबईतल्या तरुण मंडळाचं. 'आपण मंडळाचे तरुण व तडफदार कार्यकर्ते आहात. येत्या शिमग्यात पालखीला खांदा देणाऱ्यांच्या यादीत आपले नाव समाविष्ट केले आहे. सोबत टी-शर्टचे माप कळवावे.' खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष त्रेसष्ट वर्षांचे आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा ते तरुण होते, मंडळाचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलं गेलं, आणि त्यानंतर दुसरा कुणी तरुण हे पद घ्यायला पुढे आलेला नाही. शिंगं मोडून वासरांत शिरतात अशी म्हण आहे. इथे वासरंच विरार-दिव्याला गेली आहेत. कळपात जे उरलेत त्या सगळ्यांना शिंगं आहेत आणि ते एकमेकांना वासरू म्हणतात.

गेल्या वर्षीचा टी-शर्ट मी पाहिला आहे. छातीवर 'युवाशक्ती'. अध्यक्षांच्या अंगावर त्यातला 'यु' डाव्या काखेत आणि 'क्ती' उजव्या काखेत जातो.

"वर्गणी किती?" मी विचारलं.

"तरुणांना पाचशे. साठीवरल्यांना माफ."

"मग अध्यक्ष किती देतात?"

सहाणेवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "ते पाचशे देत्यात. माफी मागितली तर अध्यक्षपद जातंय."

परत आल्यावर मी दोन्ही अर्ज एकाच दिवशी भरले. महाडच्या संघाला दोनशे, वार्षिक. छंदाच्या रकान्यात 'इतर: कौलं लावणे'. भाऊसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "आमच्याही पडवीची चार सरकली आहेत." पोलादपूरच्या तरुण मंडळाला पाचशे, माप एक्सएल. हिशेब मांडला तर ज्येष्ठ असणं तरुण असण्यापेक्षा तीनशे रुपयांनी स्वस्त पडतं, आणि चहा मिळतो तो वेगळा.

आता एसटीचं गणित मांडून पाहा. बाईमाणसाला अर्धं, पोरांना बारापर्यंत अर्धं, पासष्टीवरल्यांना अर्धं, पंचाहत्तरीवरल्यांना फुकट. महाड-पोलादपूर गाडीत कुणाकडून तरी पूर्ण तिकीट यायचं असेल तर ते फक्त बारा ते पासष्टच्या पुरुषाकडून येणार, आणि त्यातलेही बरेच मोटारसायकलीनं जातात. उरलो आपण. तेव्हा बांधवांनो, वाहकानं कितीही प्रेमानं 'आधार' म्हटलं तरी पासष्ट पूर्ण होईपर्यंत पूर्णच तिकीट मागा, स्पष्ट आवाजात मागा, आणि सुट्टे पैसे घरूनच मोजून आणा. खिशात चाचपडत बसलात की मागच्या बाकावरून कुणीतरी 'वयात होतं असं' म्हणतंच.